उंच हँडल

मादन हिप्परगा, ९ जून २०२४

प्रणेश,

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हे कागदावर. दर रविवारी तू आईच्या फोनवर बोलतोस आणि माझं नाव निघालं की ठेवून देतोस. तिनं मला सांगायची गरज पडत नाही, मी तिथंच बसलेला असतो.

पाडव्याला जे झालं ते उगाळत नाही. तू अण्णांच्या गाडीची किल्ली लपवलीस, त्यांनी तुझी बॅग ओट्यावर आणून टाकली, आणि मी मध्ये पडलो तो त्यांच्या बाजूनं. अण्णा विसरायलेत, गाडी काढून घ्या, नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी अंगावर घालतील, असं तू म्हणालास. पुण्यात बसून डॉक्टरकी करू नकोस, असं मी म्हणालो. तुला लागलं ते माझंच वाक्य, हे मला कळतं.

पण आता ऐक. गाडी डुगडुगायची त्याचं कारण सापडलं. डोकं नव्हे, कंबर. जन्मभर गावोगाव मोटारसायकलवर फिरून त्यांनी बैलांना, म्हशींना सुया दिल्या. आता अडुसष्टाव्या वर्षी वाकून हँडल धरलं की सगळा भार मनगटांवर येतो, हात बधिर होतात आणि गाडी डावीकडं ओढते. मी मागं बसून स्वतः बघितलं. मग मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना घेऊन आळंदला कल्लप्पाच्या गॅरेजात गेलो. त्यानं जुनं हँडल काढून चार बोटं उंच, आणि चालवणाऱ्याच्या अंगाकडं वळलेलं हँडल बसवलं. क्लचची, ब्रेकची, अ‍ॅक्सिलेटरची वायर आखूड पडत होती, त्या तिन्ही लांब घातल्या. मग गाडी चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-तीनदा फिरवलं आणि कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला. वायर ताणली तर वळणावर गाडी आपोआप पळते म्हणाला. तुला असल्या शंका येतात म्हणून मुद्दाम लिहिलं. काम चोख झालंय.

अण्णा बसले. पाठ सरळ, कोपर सैल. गावाबाहेर एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "खुर्चीत बसल्यागत वाटायलंय." कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं. किल्ली काढून घेण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

एक बारीकशी गोष्ट, लपवली असं तू म्हणू नयेस म्हणून सांगतो. अण्णांनी कल्लप्पाला त्याच्या वडिलांची तब्येत विचारली. त्याचे वडील गेल्या वर्षी वारले, अण्णा स्वतः भेटायला गेले होते. कल्लप्पानं आठवण करून दिली. थोड्या वेळानं अण्णांनी तेच पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "बरे हायत." या वयात सगळेच विसरतात.

पावसाळ्यात ये एकदा. आई तुझी वाट बघते.

समर्थ


१४ जुलै २०२४

प्रणेश,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

अण्णांची कंबर आता अजिबात दुखत नाही. पूर्वी दहा किलोमीटर गेले की कुठंतरी झाडाखाली थांबायचे, पाठ ताणायचे आणि तिथूनच माघारी यायचे. आता थांबत नाहीत. सकाळी भाकरी खाऊन निघतात, दुपार टळल्यावर येतात. कुठं गेला होता विचारलं तर जवळच, म्हणतात. परवा मी काटा बघितला. एका दिवसात एकशे बारा किलोमीटर.

मंठाळहून शिवय्यांचा फोन आला होता. तुला आठवत असतील, अण्णांच्या नोकरीतले जुने ओळखीचे. अण्णा त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिले, गरम पाणी आणि साबण मागितला, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, म्हैस कुठं बांधलीय, रेडकू आडवं आलंय म्हणून निरोप होता. शिवय्यांनी जनावरं विकून पंधरा-वीस वर्षं झाली. त्यांनी चहा पाजला, म्हैस व्याली म्हणून सांगितलं आणि वाटेला लावून दिलं. फोनवर हसत होते ते. मीही हसलो. फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, शिवय्यांनी आठवण काढली.

तू सोलापूरच्या ज्या डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतंस, ती चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. शाळेच्या चाचण्या झाल्या की जाऊ.

समर्थ


१८ ऑगस्ट २०२४

प्रणेश,

चाचण्या झाल्या. गेलो नाही.

मागच्या बुधवारी मला शाळेत फोन आला, गाणगापूरच्या एका लॉजवाल्याचा. एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून संगमाच्या रस्त्यावर गाडीवर बसून आहेत, गाडी बंद, पाय दोन्हीकडं टेकलेले, हात हँडलवर. दर्शनाला चला म्हटलं तर येत नाहीत, जेवा म्हटलं तर जेवत नाहीत. खिशातल्या डायरीत माझा नंबर सापडला. मी एसटी बदलत बदलत पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. माझ्याकडं बघून ते ओळखीचं हसले. घरी जायचं ना, म्हटल्यावर मुकाट्यानं मागं सरकले.

येताना गाडी मी चालवली. ते हँडल मी पहिल्यांदाच हातात धरलं होतं. प्रणेश, फार आराम आहे रे त्यात. खांद्यांना जाणवत नाही, कमरेला जाणवत नाही. किती लांब आलो ते शरीर सांगतच नाही. पूर्वी अण्णांची कंबर त्यांना माघारी वळवत होती. ती मी बरी करून ठेवली.

अफजलपूर मागं टाकल्यावर अण्णा कानाशी आले आणि आदबीनं म्हणाले, "तुम्ही कुठले?"

मला वाटलं थट्टा करायलेत. म्हणालो, हिप्परग्याचा.

"मग अच्युतरावांना ओळखत असाल. ढोरांचे डाक्टर. त्यांच्या घरापाशी सोडा मला."

स्वतःचंच नाव सांगत होते ते. गाडी चालवत राहिलो. घराशी आल्यावर ते उतरले, पायरीवर चप्पल काढली आणि आईला म्हणाले, समर्थला आज उशीर झाला का शाळेत? म्हणजे घर आठवलं, आई आठवली, मीही आठवलो, फक्त रस्त्यावरचा मी आठवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली लपवली. तू लपवली होतीस तशीच. अण्णा ओरडले नाहीत. गाडीशेजारी उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. जेवले नाहीत, उन्हातून उठले नाहीत. दुपारी आई रडायला लागली. संध्याकाळी मी किल्ली आणून त्यांच्या हातात दिली. देताना तुझी आठवण झाली. तू दिली नसतीस.

समर्थ


२२ सप्टेंबर २०२४

प्रणेश,

थोडक्यात लिहितो. गाडीला जुनं हँडल परत बसवलंय. उंच हँडल अण्णांना मानवलं नाही. गाडी मागच्या खोलीत आहे, वर ताडपत्री टाकलीय, अण्णा आता चालवत नाहीत.

तुला कुणाचा फोन आला, गावातला असो की ठाण्यातला, तर एवढंच सांग की आमच्या गाडीचं हँडल पहिल्यापासून साधंच आहे. आईलाही हेच सांगून ठेवलंय. ती कामून म्हणून विचारत होती, मी रागावलो तिच्यावर.

माझी आधीची पत्रं ठेवली असशील तर फाडून टाक. हेही.

समर्थ


२९ सप्टेंबर २०२४

प्रणेश,

फाडलीस का? नसशील तर फाडू नकोस. त्यांचा उपयोग होईल. हे पत्र रजिस्टरनं पाठवतोय, सही घेतल्याशिवाय पोस्टमन देणार नाही.

सतरा तारखेला शाळेत मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं, म्हणून दुपारी मी घरी होतो. चार वाजता अण्णा आले. गाडी स्टँडवर लावली, हातपाय धुतले आणि चहा मागितला. मी बाहेर गेलो तर हँडलची डावी बाजू मागं दुमडलेली, आरसा नाही, मुठीचं रबर सोललेलं. क्लचच्या दांडीत हिरव्या लुगड्याची वीतभर चिंधी अडकली होती.

मी विचारलं, अण्णा, काय झालं?

"ढोर आडवं आलं," ते म्हणाले. "सुई दिलोय. उठंल ते."

त्यांच्याजवळ सुई नाही. निवृत्त झाल्यापासून नाही. मी चिंधी काढली आणि चुलीत घातली. ढोराला लुगडं कशाला असेल, हे मला चुलीपाशी उभं असतानाही कळत होतं. तरी मी संध्याकाळपर्यंत स्वतःला सांगत राहिलो की कुठल्या तरी कुंपणाला वाळत घातलेलं असेल.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चर्चा चालू होती. चंद्रम्मा नावाची बाई, पन्नाशीची, उडदाच्या रानातून घरी परतत होती. मागून मोटारसायकलनं उडवलं. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. गाडीवर म्हातारा होता. तो थांबला, उतरला, तिच्याजवळ बसला, तिचा पाय दाबून बघितला, पोटावर हात फिरवला आणि म्हणाला, "दोन दिवस चारा बंद ठेवा." मग गाडीवर बसून निघून गेला. बाई दीड तास तिथंच पडून होती. शेवटी एका टेम्पोवाल्यानं बघितलं. भाल्कीचे एक सर म्हणाले, बाई वेदनेनं भ्रमिष्ट झाली असेल, चारा कोण म्हणेल? सगळे हसले. मी खडू शोधत बसलो.

पोलिसांनीही चाऱ्याची गोष्ट खरी धरली नाही. पण तिनं आणखी एक सांगितलं होतं आणि ते त्यांनी धरलं. गाडीचं हँडल उंच होतं.

त्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत दार लावून स्वतःच्या हातानं हँडल बदललं. मला ते काम येत नाही. बोटं सोलून निघाली. कल्लप्पानं घातलेल्या लांब वायरी जुन्या हँडलला लोंबत होत्या, त्या मी सुतळीनं बांधल्या. उंच हँडल पोत्यात गुंडाळून गावाबाहेरच्या पडक्या आडात टाकलं. अण्णा दाराबाहेरून विचारत होते, गाडीला काय झालंय, मी धरू का टॉर्च. मी तुला पत्र लिहिलं ते यानंतर चार दिवसांनी.

पत्र टाकलं त्याच दिवशी गुरप्पाला ठाण्यात बोलावलं. गुरप्पा दुधाचा रतीब घालतो. गाडीला दोन्हीकडं कॅन अडकवले की वाकता येत नाही, म्हणून त्यानंही कल्लप्पाकडून उंच हँडल बसवून घेतलंय. तो त्याच रस्त्यानं जातो. केसही पांढरे. सकाळी बोलावतात, संध्याकाळी सोडतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. त्याचं दूध नासायलंय. गावात त्याच्याकडं बघायची लोकांची नजर बदललीय. मी हे सगळं ऐकत होतो आणि शाळेत जात-येत होतो. सहा दिवस, प्रणेश. या सहा दिवसांचं मी तुला काहीच कारण देऊ शकत नाही.

काल मधल्या सुट्टीत कल्लप्पा शाळेत आला. व्हरांड्यात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"सर," तो म्हणाला, "उंच हँडल कुणाकुणाला बसवलास म्हणून पोलीस विचारले. मी तीन नावं सांगितलो. बसवलोय चार."

मी हातातला डबा कठड्यावर ठेवला.

"डाक्टरसाहेबांनी आमचे बैल वाचवलेत. माझ्या तोंडून त्यांचं नाव निघंना. पण गुरप्पाबी माझ्याच भरवशावर गाडी देतो. चौथं नाव तुम्हीच सांगा. मला सांगायला लावू नका."

एवढं बोलून गेला. घंटा झाली. मी वर्गात जाऊन उष्णतेचं वहन शिकवलं.

आज रविवार आहे. उद्या सकाळी आधी पोस्टात जाईन आणि मग ठाण्यात. हे तुला कळलेलं असलं म्हणजे मला वाटेतून मागं फिरता येणार नाही. तू पाडव्याला जे बोललास ते सगळं खरं होतं. ते मला तेव्हाही कळलं होतं. पण तू धाकटा असून बोललास, आणि अण्णा माझ्याकडं बघत होते.

समर्थ


१३ ऑक्टोबर २०२४

प्रणेश,

पोचपावती परत आली. सही तुझीच आहे, 'प्र'ची उभी रेघ अजूनही तशीच लांब ओढतोस.

मी ठाण्यात गेलो. साहेबांनी आधी मला पाणी दिलं, कारण त्यांना वाटलं मी शाळेच्या कामासाठी आलोय. सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. आडातून हँडल काढायला दोन माणसं आणि गळ लागला. गाडी ते घेऊन गेले. अण्णांवर गुन्हा आहे आणि पुरावा लपवला म्हणून माझ्यावर वेगळा. शाळेतून मला सध्या घरी बसायला सांगितलंय.

गुरप्पा त्या दिवशीही बाकावर बसलेला होता. जा म्हटल्यावर उठला. मी हात जोडले. तो म्हणाला, "सर, माझी पोरगी तुमच्याच वर्गात हाय." आणि चप्पल घालून निघाला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात चंद्रम्माला भेटायला गेलो. अण्णांना नेलं नाही. ती कन्नडमध्ये बोलली, मी तुला आपल्या भाषेत लिहितो. ती ओरडली नाही. म्हणाली, "त्यानं माझ्या पोटाला हात लावला, पायाला लावला. हळू लावला. मी सांगत होते, मी बाई हाय, मी माणूस हाय, पाणी द्या. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याला मी दिसत नव्हते. गाडी लागली त्याचं काही न्हाई, गाड्या लागतातच. पण त्याच्या डोळ्यांची मला अजून भीती वाटते." मग विचारलं, तो कोण तुमचा? मी म्हणालो, वडील. तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी बराच वेळ बसलो. निघताना तिच्या बहिणीनं मला पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. मी जाणार आहे. तिचं चालणं सुरू होईपर्यंत जाणार आहे. आत घेतलं नाही तर बाहेर बसेन.

अण्णांना सोलापूरला नेऊन आणलं. तू लिहिलेल्याच डॉक्टरकडं. त्यांनी डोक्याचा फोटो काढून दाखवला आणि म्हणाले, ही सुरुवात नाही, दोन-तीन वर्षं झाली असतील. इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं विचारलं. मी म्हणालो, धाकट्या भावाच्या आलं होतं.

अण्णांना मी सगळं सांगितलं. ते रडले. बाई जगली का, म्हणाले. अर्ध्या तासानं विचारलं, माझी गाडी कुठंय? पुन्हा सांगितलं. पुन्हा रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण म्हातारा होता तो? धरला का त्याला?" मी म्हणालो, धरला. चौथ्यांदा सांगणं माझ्यानं झालं नाही. गाडी कल्लप्पाकडं दिलीय, दुरुस्तीला, असं सांगतो आता. काल दसऱ्याला हार हातात घेऊन ते मागच्या खोलीत उभे होते. मी हार घेतला आणि त्यांना बाहेर आणलं.

आता ते चालत जायला लागलेत. कंबर बरी आहे ना. परवा पहाटे तीन किलोमीटरवर सापडले, अनवाणी, कुणाच्या तरी बैलाच्या तोंडात हात घालून दात बघत होते. बैलवाला काठी घेऊन उभा होता, पण मारली नाही त्यानं. आईच्यानं ते आवरत नाहीत. दंडाला धरलं तर हिसका देतात. तिच्या मनगटावर काळंनिळं झालंय. तुला ती फोनवर सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

उद्या नाही, पुढच्या सोमवारी, एकवीस तारखेला, मला कोर्टात जायचंय. सकाळी निघून रात्रीपर्यंत परत येईन, वकील म्हणतात त्याप्रमाणे झालं तर. नाही झालं तर माहीत नाही. शेजारीपाजारी आता आमच्याकडं फारसं येत नाहीत, आणि कुणाला सांगायला माझं तोंडही उरलं नाही. म्हणून पुढच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतलीय. निघताना आईला आणि अण्णांना आत ठेवून ती लावून जाईन.

माझ्यासाठी येऊ नकोस. पण त्या सोमवारी दार बंद दिसलं तर घरात कुणी नाही असं समजून माघारी फिरू नकोस. कडी वरच्या बाजूला आहे. जरा जड जाते, दार आपल्याकडं ओढून काढ.

समर्थ